बारा नंबरची माती

१

चोरानं चोरावं तरी काय, याला काही धरबंध? त्या खोलीत केसाचंही वजन सांगणारा तराजू होता, प्लॅटिनमच्या चार वाट्या होत्या, साहेबांचा नवाकोरा कॅमेरा टेबलावर उघडा पडला होता. यातल्या कशालाही बोट न लावता चोरानं उचलली एक पिशवी माती! तीही शेताची नव्हे, खाणीच्या टाकाऊ गाळाची. खिडकीबाहेर त्याच गाळाचा डोंगर पसरलेला, आणि कुणी दोन गाड्या भरून नेतो म्हणाला असता तर खालच्या वस्तीनं त्याचे पाय धरले असते.

सकाळचे नऊ वाजत होते. नमुन्यांच्या लोखंडी कपाटापुढे सूनबाई उभी होती आणि फळीवरच्या पिशव्या चौथ्यांदा मोजत होती. अकरा. पुन्हा अकरा. कारखान्यात तिला सगळे मॅडम म्हणतात, ती तिथली मुख्य रसायनतज्ज्ञ. पण या गोष्टीत तिच्या सासूबाईंचा हात फार मोठा, तेव्हा आपण तिला सूनबाईच म्हणू.

खतासाठी लागणारा दगड काढणारी ती खाण बंद पडून वीस वर्षं झाली होती. दगड धुऊन उरलेला राखाडी गाळ तेवढा मागे राहिला, डोंगराएवढा. सात वर्षांपूर्वी सूनबाईनं त्यात दुर्मिळ मूलद्रव्यं शोधून काढली. मोटारी, पवनचक्क्या, फोन यांना लागणारी, जगभर ज्यांच्यासाठी मारामार चालते ती. गाळ आम्लात मुरवायचा, मूलद्रव्यं वेगळी काढायची, उरलेल्या मातीच्या विटा करायच्या. छोट्या यंत्रावर तिनं हे करूनही दाखवलं. मोठा कारखाना उभा करायचा तर मात्र मंजुरी मंडळाची सही हवी होती. त्यासाठी डोंगरात बारा ठिकाणी भोकं पाडून नमुने काढले. प्रत्येक नमुन्याचे दोन वाटे. एक वाटा चक्कीत दळून बाहेरच्या प्रयोगशाळेत जायचा. दुसरा न दळता, पिशवीत भरून, शिशाचं सील ठोकून कपाटात राखीव राहायचा. उद्या कुणी शंका घेतली तर पडताळायला.

अकरा नमुने बरे निघाले. बारावा निघाला तो डोळे दिपवणारा! निओडिमियम, म्हणजे त्या मूलद्रव्यांतलं सगळ्यांत मागणीचं, इतरांच्या दहापट. कारखान्यात लोक नाचायचेच काय ते बाकी राहिले. आणि आज दुपारी चार वाजता मंडळाचे तपासनीस त्याच बारा नंबरची राखीव पिशवी तपासायला येणार होते.

नेमकी तीच नव्हती.

"कुलूप तोडलेलं नाही," मागून साहेब म्हणाले. साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. माणूस भला, पण घाबरला की कायदा बोलायला लागायचा. "आकड्यांचं कुलूप आहे. आकडे चौघांना ठाऊक. मी, तुम्ही, ड्रिलमिस्त्री आणि चक्कीवाल्या मावशी."

"मी कशाला नेईन, साहेब? माझाच नमुना, माझाच अहवाल!"

"तेच तर म्हणतोय. अहवालावर सही तुमची. पिशवी उघडल्यावर अहवाल खोटा ठरणार असेल, तर पिशवी नाहीशी झाल्यानं फायदा कुणाचा?" त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "चारपर्यंत ती मिळाली नाही, तर मला लिहून द्यावं लागेल मॅडम, की नमुना तुमच्या ताब्यातून गेला. मग तुमच्या सहीला पुन्हा कुठं किंमत राहणार नाही."

सात तास! सूनबाईनं घड्याळाकडे पाहिलं. तिनं फोन काढला, आणि जिच्याकडे कधीही मदत मागायची नाही असं लग्नाच्या दिवसापासून ठरवलं होतं, तिलाच लावला.

२

"आई, पिशवी गेली."

"कुठली? बाजाराची?"

"बारा नंबरची. राखीव."

मग सासूबाई म्हणाल्या, "कशाला हात लावू नकोस. आणि रडू नकोस. रडून माती सापडत नाही, नुसता चिखल होतो."

सासूबाईंनी जुन्या खाणीत अठ्ठावीस वर्षं नमुने सांभाळले होते. अर्ध्या तासात त्या फाटकातून आत आल्या. रखवालदारानं वहीत नाव लिहायला सांगावं म्हणून तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. खोलीत येऊन त्यांनी कपाट पाहिलं, कुलूप पाहिलं, मग चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं.

"चोरानं मातीच का नेली?"

"तिची किंमत ठाऊक होती म्हणून."

"चूक. पाव किलो मातीत असून असून काय असणार? चिमूटभर. पिशवीत जे आहे ते हवं म्हणून कुणी नेली नाही, बाई. पिशवीत जे नाही, ते दिसू नये म्हणून नेली. आण तो प्रयोगशाळेचा कागद."

सूनबाईनं अहवाल पुढे ठेवला. सासूबाई एकेका ओळीवर बोट फिरवत वाचू लागल्या, आणि बाराव्या ओळीवर बोट अडलं ते अडलंच.

"ही दुर्मिळ मूलद्रव्यं म्हणजे एकत्र कुटुंब, हे मी तुला शिकवायला नको. खडकात एकटं कुणी राहत नाही. सिरियम थोरला, लँथेनम मधला, निओडिमियम धाकटा. एक वाढला की सगळे वाढतात. बरोबर?"

"बरोबर."

"मग वाच मोठ्यानं. एका टनात किती ग्रॅम ते."

"अकरा नमुन्यांत सिरियम नऊशेच्या आसपास, लँथेनम साडेचारशे, निओडिमियम पावणेचारशे. बाराव्यात सिरियम नऊशे दहा, लँथेनम चारशे साठ, निओडिमियम..." सूनबाईनं तो आकडा पुन्हा एकदा पाहिला. "चार हजार."

"धाकट्याचं एकट्याचं नशीब फळफळलं आणि थोरल्या भावांना त्याचा पत्ताच नाही! असं माणसांच्या घरात होतं, खडकात नाही होत. तुला दिसलं नाही हे?"

सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वर्षं ती याच भावंडांबरोबर राहिली होती. पण चार हजारांचा आकडा आला, साहेबांनी पेढ्यांसारखी सगळीकडे बातमी वाटली, आणि त्या आनंदात तिनं शेजारच्या रकान्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"हे निओडिमियम डोंगरातलं नाही," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कुणीतरी बाहेरून घातलंय. आणि इथं शुद्ध निओडिमियम आहे कुणाकडे?"

एकाच कपाटात होतं. साहेबांच्या.

३

"माझ्यावर संशय?" साहेब खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. "बाई, तुम्ही इथल्या नोकरीतसुद्धा नाही!"

"म्हणूनच विचारता येतं," सासूबाई म्हणाल्या. "मंजुरी मिळाली तर मोठ्या कारखान्याचे मोठे साहेब तुम्ही होणार. माती श्रीमंत दिसावी असं तुमच्याइतकं कुणाला वाटणार? काढा ती बाटली."

पाहुण्यांना दाखवायला म्हणून साहेबांनी शंभर ग्रॅमची बाटली मागवली होती. आत निओडिमियम ऑक्साइडची फिकट जांभळी पूड. त्यांनी ती टेबलावर आपटलीच. सूनबाईनं उचलून उजेडात धरली. झाकणाभोवतीची प्लॅस्टिकची पट्टी जशीच्या तशी. बाटली कुणी उघडलेलीच नव्हती.

साहेबांच्या चेहऱ्यावर विजय पसरला. "मिळालं उत्तर?"

"अर्धं," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, या अहवालाला तीन पानं आहेत. तिसरं कुणी वाचलंय?"

कुणीच नव्हतं. प्रयोगशाळा साठ मूलद्रव्यांचे आकडे पाठवते, आणि हे लोक आपल्या लाडक्या पाचांचे वाचून कागद मिटतात. लग्नाच्या यादीत आपलं नाव शोधावं आणि यादी खाली ठेवावी, तसं. सूनबाईनं तिसरं पान उलटलं. अकरा नमुन्यांत बोरॉन जवळजवळ नाहीच. बाराव्यात शंभरावर! निकेलही जरा चढलेलं.

तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, बरं का. कोडं सुटू लागतं तेव्हा येतो तसला. "आई, बाटलीतल्या पुडीत बोरॉन नसतं. निकेलही नसतं. म्हणजे पूड घातलेली नाही. दुसरंच काहीतरी पडलंय त्यात! निओडिमियम, बोरॉन आणि निकेल एकत्र असलेलं काहीतरी!"

"असं काय असतं?"

सूनबाईनं तोंड उघडलं, आणि उत्तर जिभेच्या टोकावर येऊन निसटलं. त्याच वेळी साहेब खाकरले.

"मी सांगणार नव्हतो," ते म्हणाले. "पण काल संध्याकाळी सहा वाजता ड्रिलमिस्त्री त्या खोलीतून बाहेर पडला. जाकिटाखाली काहीतरी दडवलं होतं. मी हाक मारली तर पळाला."

४

ड्रिलमिस्त्री डोंगराच्या माथ्यावर यंत्राला तेल देत होता. दांडगा माणूस, पण दोन बायका तरातरा चढून येताना पाहिल्या आणि त्याच्या हातातला डबा हिंदकळला.

"जाकिटाखाली काय होतं?" धाप टाकतच सासूबाईंनी विचारलं. प्रस्ताव नाही, प्रस्तावना नाही.

मिस्त्री एकदा सूनबाईकडे बघे, एकदा जमिनीकडे. शेवटी त्यानं यंत्राच्या बैठकीखालून एक गुंडाळी काढली. पिशवी नव्हती. भोकांच्या जागा दाखवणारा नकाशा होता.

"मॅडम, नोकरीवरून काढा, पण चोर म्हणू नका. बारा नंबरचं भोक तुम्ही खूण केली तिथं पाडलेलं नाही मी. जमीन भुसभुशीत होती, यंत्र कलंडायला लागलं. आठ पावलं अलीकडे पाडलं. आणि नेमका तोच नमुना असा निघाला! सगळे माझी पाठ थोपटतात आणि मला घास गिळवत नाही. काल म्हटलं, तपासनीस यायच्या आत नकाशावरची खूण सरकवावी."

"सरकवली?"

"हिंमत झाली नाही."

सूनबाईला हसू आवरेना. आठ पावलं! एवढ्या डोंगरात आठ पावलांनी काय बिघडतं? "अरे बाबा, हे तेव्हाच सांगितलं असतंस तर मी नकाशा बदलून दिला असता!"

"हसणं नंतर," सासूबाई म्हणाल्या. "काल सहा वाजता कपाट उघडलंस तेव्हा बारा नंबरची पिशवी होती?"

मिस्त्रीनं आठवून पाहिलं. नकाशा त्याच फळीच्या मागं असतो. "नव्हती," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून दचकला. "खरंच नव्हती! अकरापुढे मोकळी जागा होती. मला वाटलं, तुम्हीच काढून ठेवली."

काल सकाळी सूनबाईनं मोजल्या तेव्हा बाराही पिशव्या होत्या, म्हणजे ही त्यानंतर आणि सहाच्या आधी गेली होती. साहेब काल दिवसभर गावात होते, ते संध्याकाळी पावणेसहाला परतले आणि रखवालदाराशी बोलत फाटकातच उभे राहिले. सूनबाई आपलं स्वतःचं जाणून होती. मिस्त्रीही निघाला. चौघांतून तीन गेले, उरला एक.

"छे!" सूनबाई म्हणाली. "त्या नव्हे. मावशींनी सात वर्षांत चिमूटभर नमुना सांडलेला नाही."

मिस्त्रीनं डाव्या हाताचं बोट वर केलं. नख काळंनिळं झालं होतं. "नमुना नाही सांडत, पण जीव घेतात. मागच्या महिन्यात त्यांचं ते लोहचुंबक सहज हातात घेतलं, तर चिमट्यासारखं बोट पकडलं यंत्राला! आई आठवली."

सासूबाईंनी ते बोट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. घड्याळात दोन वाजले होते. मग त्या काही न बोलता डोंगर उतरू लागल्या, आणि उतारावर त्यांना गाठताना सुनेची दमछाक झाली.

५

चक्कीची खोली म्हणजे मावशींचं राज्य. नमुना आला की आधी ताटात पसरायचा, ड्रिलच्या लोखंडाचे कण त्यात आलेले असतात, ते लोहचुंबक फिरवून उचलायचे, मग दोन वाटे करायचे आणि एक वाटा पोलादी चक्कीत घालायचा. दोन नमुन्यांच्या मधे चक्कीत पांढरी वाळू दळायची, म्हणजे आधीच्या नमुन्याचा मागमूस उरत नाही. मावशी हे इतक्या निष्ठेनं करायच्या की स्वतःच्या घरची चूलही त्यांनी कधी एवढी घासली नसेल. त्यांचं घर डोंगराच्या अगदी पायथ्याशी. गेल्या वर्षी गाळ घसरून त्यांच्या मागच्या खोलीत शिरला होता.

"बसा की," मावशी म्हणाल्या, पण स्वतः बसल्या नाहीत.

सासूबाई बसल्या, आणि बसताना त्यांच्या हातून किल्ल्यांचा जुडगा पडला. पडला की पाडला, ते देव जाणे. "अगं बाई, कंबर वाकत नाही. मावशी, ते लोहचुंबक द्या जरा, त्यानंच उचलते."

टेबलावर एक काळं, गोल लोहचुंबक होतं. जुन्या रेडिओच्या भोंग्यात असतं तसलं. सासूबाईंनी ते जुडग्याला लावलं. दोन किल्ल्या उचलल्या गेल्या आणि जुडगा पुन्हा खाली पडला.

"हे बोट चिमटणारं दिसत नाही," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या.

मावशींनी लोहचुंबक परत घेऊन टेबलावर ठेवलं.

"वाळू कधी आली हो? पिंप काठोकाठ भरलंय."

"नाही आली," मावशी चटकन म्हणाल्या, आणि मग ओठ मिटून घेतले. "म्हणजे... आली असेल."

बाहेर आल्यावर सासूबाईंनी सुनेचा दंड धरला. "सूनबाई, निओडिमियम कशाला लागतं, हे तू मावशींना कधी सांगितलं होतंस?"

"परवाच. चहाच्या वेळी त्यांनीच विचारलं, की मॅडम, एवढा आनंद झालाय त्या मूलद्रव्याचं करतात तरी काय. मी म्हटलं, त्याची जगातली सगळ्यांत जोरदार..." आणि सूनबाई जागच्या जागी थिजली.

लोहचुंबकं!

सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचंच ते बनवतात, आणि गंजू नये म्हणून वरून निकेलचा मुलामा! जोर राक्षसाचा, पण ठिसूळ काचेसारखं. पोलादाजवळ नेलं की झेप घेतं, आपटतं आणि कडेचा टवका उडतो. तोच टवका चक्कीत पडला होता. डोंगर पालथा घालून जे ग्रॅमाग्रॅमानं शोधत होते, ते सात वर्षं मावशींच्या मुठीत होतं!

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" सूनबाई ओरडलीच. तिला हसावं की रडावं ते कळेना, पण छाती अशी धडधडत होती की पहिल्यांदा गाळातून मूलद्रव्य वेगळं काढलं, तेव्हासुद्धा तेवढी धडधडली नव्हती. "आई, त्यांनी मुद्दाम नाही केलं! त्यांना वाटलं असेल, लोखंडाचा तुकडा पडला तर पडला. परवा मी सांगेपर्यंत त्यांना ठाऊकच नव्हतं!"

"आणि ठाऊक झाल्यावर पिशवी गेली. आता सांग, सात वर्षं एक कण न सांडणारी बाई नमुना फेकून देईल?"

"मेली तरी नाही."

"मग तो आहे कुठे?"

सूनबाई वळली आणि धावत चक्कीच्या खोलीत शिरली. मावशी वाळूच्या पिंपापुढे उभ्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत वाळूत होते.

६

त्यांनी पिशवी स्वतःच बाहेर काढली. पदरानं पुसली. सील शाबूत होतं.

"टाकून द्यायला डोंगराच्या मागं दोनदा गेले," मावशी म्हणाल्या. "हात होईना. नमुना टाकायचा नसतो." मग त्यांचा बांध फुटला. "लोहचुंबक चक्कीच्या झाकणाला चिकटवताना त्याची कड उडाली मॅडम. मी वाकून पाहिलं, तुकडा दिसेना. म्हटलं, असेल कणभर लोखंड. मग तुमचा आकडा आला. सगळे म्हणाले, आता डोंगर जाणार, मावशी, तुमच्या घरावरचं संकट टळलं. आणि परवा तुम्ही बोललात, तेव्हा कळलं की तो आकडा डोंगराचा नाहीच, माझ्या फुटक्या लोहचुंबकाचा आहे. ही पिशवी उघडली की सगळं गेलं, असं वाटलं. तुमच्यावर आळ येईल हे मात्र डोक्यातच आलं नाही हो!"

सूनबाईला त्यांना रागवायचं होतं. जमलं नाही.

साडेतीन वाजले. साहेबांनी सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. "पिशवी सापडलेलीच नाही," ते हळूच म्हणाले. "हरवलेली पिशवी परवडली, मॅडम. ही उघडली तर अहवाल खोटा ठरेल. लोक म्हणतील, तुम्हीच मिसळलं. लोहचुंबकाची गोष्ट कोण मानणार?"

"आणि हरवली म्हटलं तर?"

"तर तुमच्यावर निष्काळजीपणाचा ठपका. पण मंजुरी मिळेलही कदाचित."

कदाचित! सूनबाईनं मावशींकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. हा निर्णय तिचा होता आणि त्यात तोंड घालायचं नाही एवढं त्यांना कळत होतं.

"मी खोट्या आकड्यावर कारखाना उभारणार नाही," सूनबाई म्हणाली. "माझी खोली, माझी चूक. मी सांगणार."

तपासनीस ठरल्या वेळी आले. किडकिडीत, गंभीर, हातात काळी पेटी. सूनबाईनं त्यांना बसूही दिलं नाही. थोरला, मधला, धाकटा, तिसरं पान, टवका, वाळूचं पिंप, सगळं एका दमात सांगून टाकलं. लोहचुंबक कुणाच्या हातातून आपटलं ते सांगितलं नाही. तेव्हा मावशी पुढे आल्या, कनवटीतून फडक्यात बांधलेलं चकचकीत, टवका उडालेलं लोहचुंबक काढून टेबलावर ठेवलं, आणि म्हणाल्या, "माझ्या."

तपासनीसांनी ते उचललं. कड पाहिली. मग पिशवीवरचं सील, त्यावरचा आकडा आणि दोराची गाठ भिंगाखाली पाहिली. पेटीतून रंग फवारायच्या बंदुकीसारखं यंत्र काढलं. सील कापलं, माती वाटीत ओतली आणि यंत्राचं नाक तिच्यावर टेकवलं.

"मिनिटभर लागेल."

ते मिनिट काही केल्या सरेना. साहेबांनी डोळे मिटले होते. मिस्त्री दारात काळंनिळं बोट चोखत उभा होता.

"सिरियम नऊशे पाच," तपासनीस वाचू लागले. "लँथेनम चारशे पन्नास. निओडिमियम... तीनशे ऐंशी."

संपलं. चार हजार कुठे आणि तीनशे ऐंशी कुठे! साहेब खुर्चीत कोसळले. पण तपासनीस हसत होते, आणि त्या चेहऱ्याला हसायची सवय नसावी, कारण ते जरा वाकडंच दिसलं. त्यांनी खिशातून एक लिफाफा काढून टेबलावर ठेवला.

"हे नामंजुरीचं पत्र आहे. तयार करूनच आणलं होतं. बोरॉन आम्हीही पाहिलं होतं. पण ते बाजूला ठेवलं तरी, एका जागी दहापट आणि बाकी साधं, असा डोंगर आम्हाला नकोच होता. कारखान्याला रोज सारखी माती लागते. आज श्रीमंत, उद्या गरीब, अशा मातीवर कुठलीच यंत्रणा बसवता येत नाही. तुमचा बारा नंबरच तुम्हाला बुडवत होता." त्यांनी वाटीकडे बोट दाखवलं. "आणि हा इतर अकरांसारखाच आहे. बाराही भोकं सारखी. पावणेचारशेला कारखाना चालतो, हे तुमच्याच अहवालात सिद्ध केलेलं आहे, मॅडम. ही पिशवी नसती, तर मला लिफाफा देऊनच जावं लागलं असतं."

मग मावशींनी विचारलं, "म्हणजे मी लपवली, ती आपल्याला तारणारी होती?"

"आणि फेकली नाहीत, म्हणून आम्ही तरलो!" सूनबाईनं त्यांना घट्ट मिठी मारली. आता मात्र ती रडली, अगदी मोकळेपणानं, सगळ्यांदेखत. मिस्त्री डोंगराकडे तोंड करून ओरडत सुटला. साहेबांनी लिफाफ्याचे आधी दोन, मग चार, मग मोजता येणार नाहीत इतके तुकडे केले, आणि ते मंडळाचे कागद आहेत हे त्यांना नंतर आठवलं.

तपासनीस मंजुरीच्या कागदावर सही करायला बसले. "पडताळणीत मदत कुणाची, हे लिहावं लागतं," ते म्हणाले. "तो भावंडांचा हिशेब कुणी धरला? आपण कोण, बाई? इथं कुठल्या पदावर?"

सासूबाईंनी पाठ ताठ केली.

"मी हिची सासू," त्या म्हणाल्या. "आणि लिहायचंच तर हिचं नाव आधी लिहा. चूक मी दाखवली, पण खरं हिनं सांगितलं. माझ्या अठ्ठावीस वर्षांत एवढं धाडस मला एकदाही झालं नव्हतं."

तपासनीसांनी तसंच लिहिलं.